भस्माचा खड्डा निवेपर्यंत

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७

थंडी पडली. आज पहिल्यांदा अंघोळीनंतर परसात उन्हाची तिरीप शोधत उभा राहिलो.

थंडी पडली म्हणजे मांजरं आली. वर्षभर ही जमात कुठल्या पत्र्यावर असते कोणाला ठाऊक. कार्तिक सरत आला की ऊब हुंगत एकेक करून माझ्या परसात उतरते.

यंदा मी तयार आहे.

ही वही सरकी पेंडीच्या कंपनीने माझ्या दुकानाला दिली. गावच्या शाळेत गुरुजी आम्हाला रोजनिशी लिहायला लावायचे. म्हणायचे, मनातलं कागदावर उतरलं की राग निवतो. मला राग निवू द्यायचा नाही. जत्रेपर्यंत जपून ठेवायचा आहे, म्हणून लिहितो.

कारण एकदा नीट लिहितो. मुखेडात आमच्या मठाच्या जत्रेला पहिलं भस्म आमच्या घरचं असतं. आजोबांपासून. गाईच्या शेणाचे गोळे वाळवायचे, परसातल्या खड्ड्यात रचायचे, मार्गशीर्षातल्या पहिल्या सोमवारी अग्नी द्यायचा. मग खड्डा आपोआप निवेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. झाकायचाही नाही, झाकला तर राख काळी राहते. निवायला पाच दिवस लागतात. नंतर राख वस्त्रगाळ करून, पाण्यात कालवून वड्या थापायच्या. वडील गेले तेव्हा लोक म्हणाले, माणूस गेला, त्याच्या भस्माचा पांढरेपणा राहिला. तो आता माझ्याकडे आहे.

गेल्या जत्रेत शेजारच्या ईश्वरप्पाने वडी फोडून कपाळाला लावली, थांबला, आणि चिमटीत काहीतरी धरून उजेडाला धरलं. केस. भुरा, मांजराचा. सगळ्या मठासमोर म्हणाला, अण्णा, यंदा भस्मात दोरा ओवलाव का काय? लोक हसले. शिवम्मा अव्वा हसल्या नाहीत. त्या मागच्या महाराजांच्या बहीण, वय चौऱ्याऐंशी, मठात त्यांचा शब्द शेवटचा. त्या म्हणाल्या, पुढच्या साली एकबी केस निघाला तर पाकिटाचं भस्म आणा बाबा.

पाकिटाचं. आजोबा, वडील आणि मग पाकीट.

आणि तो केस ज्या मांजरीचा, ती भुरी राहते कोणाकडे? ईश्वरप्पाकडेच. सूड दोघांचा घ्यायचा आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार. पूजेनंतर

डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन बसलो. मन स्थिर झालं. भुरीवर. बराच वेळ.

संकल्प: हिंसा नाही. मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं म्हणतात. आपण लिंगायत, शरण लोक, आपल्याला तो नेम लागू नाही. तरी उगाच कशाला. सूड सात्त्विक पाहिजे. पण भुरीला आणि ईश्वरप्पाला जन्मभर आठवला पाहिजे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ईश्वरप्पाला समज द्यायला गेलो. त्याच्या ओट्यावर भुरी उन्हात पसरली होती. चांगली पोसली आहे. पोट दोन्ही बाजूंनी बाहेर. ईश्वरप्पाचं दूध.

म्हटलं, तुझी मांजर आवर. तो म्हणाला, अण्णा, ती माझी हाय कुठं? माझ्या घरी ऱ्हातीय, माझं दूध पितीय, एवढंच. तुमीच सांगा की तिला, तुमचं वजन हाय.

मी अत्यंत जड मौन धरलं. तो म्हणाला, चहा घेता का? घेतला. शत्रूच्या घरचा चहा. आलं बरोबर पडलं होतं. हे त्याला सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी

सूर्योदयाला अग्नी दिला. गोळे छान धरले. धूर सरळ वर गेला. वडिलांची आठवण आली.

उज्वला म्हणाली, अवं, खड्ड्याभवती बाभळीचे चार काटेरी फेसे टाका, एक मांजर फिरकायची न्हाई. बावीस वर्षं संसार केला पण या बाईला मुद्दा कळत नाही. मांजर आलीच नाही तर सूड कोणाचा घेणार?

तिला एवढंच म्हटलं, बघू. ती म्हणाली, तुमी बघाच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. पहाटे साडेपाच

बाहेर बोटं वाकत नाहीत. खड्ड्याच्या काठाला तीन मांजरी. एकीचे पाय वर. वरची राख निवत आली आहे, खाली धग. इतकी सोय तर आमच्या खोलीतही नाही.

हाकललं. तिघी उठल्या, आळस दिला आणि माझ्याकडे बघत चालत गेल्या. पळाल्या नाहीत. चालत गेल्या.

सकाळी ९
काठाने लाल तिखट टाकलं. अर्धा डबा. उज्वलाला माहीत नाही.

सकाळी १०
तिखटाच्या हाताने कपाळाला भस्म लावलं. ते डोळ्यांत उतरलं. पूजा पूर्ण केली, सोडली नाही. गालांवरून पाणी वाहत होतं. भिंतीवरून ईश्वरप्पाचं डोकं. म्हणाला, अण्णा, आज लईच भाव दाटून आला जी.

संध्याकाळी
डबा उज्वलाला सापडला. भाजी बिनतिखटाची.

२६ नोव्हेंबर, बुधवार. पहाटे ५.४०

पाण्याची बादली घेऊन गोठ्याच्या आडोशाला दबा धरला. भुरी आली. मी नेम धरला. पाय गाईच्या शेणावर. बादली माझ्यावर.

दुपारी
शिंका. एकवीसपर्यंत मोजल्या. उज्वलाने सुंठीचा काढा दिला आणि म्हणाली, थंडीत मुक्या जिवावर पाणी मारायला निघाला होता, देवानं हिशेब जाग्यावर केला. देवाचं नाव मध्ये आणायची गरज नव्हती. देवाला भस्म स्वच्छ पाहिजे, हे देवाला माहीत आहे.

निश्चय: हद्दपारी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. सायंकाळी ७

विजय.

पहाटे धुकं होतं. खड्ड्यात एकच मांजर, राखेत गुरफटून झोपलेली. नाकाच्या शेंड्यापर्यंत भुरकट. भुरीच. झोपेतच पेंडीच्या पोत्यात घातली. ओरडलीसुद्धा नाही, जणू कोणी ना कोणी रोज उचलून घेत असावं. ईश्वरप्पाचे लाड.

सहाची देगलूर गाडी. कंडक्टरने विचारलं, पोत्यात काय हाय? म्हटलं, पेंड. तो पुढे गेला, परत आला आणि म्हणाला, मामा, तुमची पेंड म्याव करून राहिलीय. सगळी गाडी वळून बघू लागली. मी खिडकीबाहेर बघितलं. जोंधळा चांगला आला आहे यंदा.

देगलूरला स्टँडच्या मागे मासळीवाल्या बसतात. तिथं सोडली. मी तोंड फिरवून, नाकाला उपरणं लावून उभा होतो. पण सोडली तिथंच. खायला कमी पडणार नाही. सूडातही माणसाने दया सोडू नये. हे वाक्य चांगलं जमलं.

येताना लाडू आणले. उज्वलाने विचारलं, कशाचे? म्हटलं, सहज.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ८

भुरी भिंतीवर बसली आहे. पंजा चाटते आहे.

सकाळी ८.३०
शांतपणे विचार केला. मुखेड ते देगलूर, गाडीला दीड तास लागतो. एवढं अंतर ती एका रात्रीत चालून आली. ते पोट घेऊन. खरं सांगायचं तर मनात आदर वाटला.

अक्षराला सांगितलं. ती बारावी सायन्सला आहे, तिला प्रत्येक गोष्टीत शंका. म्हणाली, पप्पा, राखेत लोळलेल्या सगळ्या मांजरी एकाच रंगाच्या दिसतात. तुम्ही नेलेली भुरीच कशावरून? म्हटलं, मी तिला वर्षभर ओळखतो. ती म्हणाली, शेपूट बघितली का? शेपूट कोण बघतं?

दुपारी १
शिवम्मा अव्वांची चांदी कालपासून दिसत नाही, असं मठातून कळलं. चांदी म्हणजे त्यांची मांजर. पांढरीशुभ्र. रात्री त्यांच्या पायांवर झोपते. मठाची फरशी दगडाची, थंडीत त्यांचे पाय गारठतात.

मी नेली ती भुरकट होती. संबंध नाही.

दुपारी ३
पोतं झटकलं. पांढरे केस निघाले. भीतीने केस पांढरे होतात असं ऐकलं आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

खड्डा वरून निवला. आज राख चाळायची होती. अव्वांचं बोलावणं आलं.

मठात गेलो. अव्वा कांबळ्यात, पायांना दोन लुगडी गुंडाळलेली. ताट समोर तसंच. म्हणाल्या, मलप्पा, चांदीबिगर घास उतरना बघ. पाय तर माझे हायत का न्हाईत तेच कळना. दाराकडे बघत बोलत होत्या. मग म्हणाल्या, तुला मांजराची लई पारख हाय म्हणं, ईश्वरप्पा सांगत होता. तू हुडक.

मी त्यांच्या पाया पडलो. पाय खरंच बर्फासारखे होते.

वडील गेले त्या दिवशी याच अव्वांनी माझ्या कपाळाला भस्म लावलं होतं. म्हणाल्या होत्या, आता हे तुझं काम.

उद्या देगलूरला जातो. कारण: पेंडीच्या व्यापाऱ्याची भेट.

३० नोव्हेंबर, रविवार. रात्रीच्या जेवणाआधी

सगळं लिहितो. ही वही कोणी वाचणार नाही.

चांदी त्याच जागी होती. लक्ष्मम्मा नावाच्या मासळीवालीच्या पाटीखाली. राख झटकलेली, लख्ख पांढरी, चार दिवसांत दीडपट. मी पोतं उघडलं, प्रेमाने हाक मारली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले. लक्ष्मम्मा म्हणाली, स्वामी, ती मासळीबिगर उठत न्हाई. एक घे हातात, माग येतीय बघ.

म्हटलं, आम्ही शिवत नाही. ती म्हणाली, मग बस तसाच. तासभर बसलो. डोळ्यांसमोर अव्वांचे पाय येत होते.

शेवटी घेतली. एक, लहान. आयुष्यात पहिल्यांदा. लिंग उपरण्याखाली पार आत सारलं, मनात क्षमा मागितली आणि शेपटीला दोन बोटांनी धरून उभा राहिलो. चांदी ताबडतोब उठली. स्टँडवर मी पुढे, मांजर मागे. पोतं धरलं तर आत जायला तयार नाही, मासळी आत टाकली तर ती घेऊन बाहेर येते. अखेर मासळी हातातच ठेवून, मांजर काखेत धरून गाडीत चढलो.

गाडीत एकच जागा रिकामी. शेजारी ईश्वरप्पा. लेकीला भेटून परत निघालेला.

त्याने मांजरीकडे बघितलं. मासळीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, मलप्पा, संपलं. पाकिटाचं भस्म आलं. उद्या मठात हा सांगणार, आणि या वेळी उजेडाला धरायला केस नाही, आख्खा मासा आहे.

तो जरा सरकला, मला जागा केली. मग गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत सारलं आणि हात पुढे केला. म्हणाला, द्या अण्णा. अर्धा रस्ता तुमी, अर्धा मी.

त्याने खरंच धरली. उतरेपर्यंत.

याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. माणूस डाव खेळतोय.

३० नोव्हेंबर, जेवणानंतर

मघाशी लिहायचं राहिलं. घरी आलो तर खड्ड्याभोवती बाभळीचे फेसे. वीतभर जागा मोकळी नाही. उज्वलाने पाच मिनिटांत टाकले म्हणे. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, माझ्या भस्माची काळजी. ती म्हणाली, भस्माची न्हाई वं. बोक्याची.

खड्ड्यात भुरी व्याली आहे. चार. राखेत पडलेली, उंदराएवढी, डोळे मिटलेले.

१ डिसेंबर, सोमवार

चांदीला मठात सोडलं. अव्वांनी तिला पोटाशी धरलं, हुंगलं, मग माझा हात धरला आणि तोही हुंगला. मी तीनदा साबण लावला होता. अव्वा म्हणाल्या, हम्म्. ताट मागवलं आणि जेवल्या.

मग मी खड्ड्याचं सांगितलं. म्हटलं, अव्वा, राखेत मांजर व्याली, विटाळ झाला, यंदा भस्म कसं करू? मनात होतं, त्या म्हणतील, काढून टाक ती पिलं. म्हणजे माझ्याकडून सूडही होईल आणि दोषही नाही.

अव्वा म्हणाल्या, आपल्यात विटाळ कुठून आला रे? तुझ्या बापानं हेच शिकिवलं का तुला? पिलं या अंगाला हायत तर राख त्या अंगाची घे. चाळ. चारदा चाळ. पण त्या लेकरास्नी थंडीत हलवायचं न्हाई.

वडिलांनी शिकवलं होतं. मी विसरलो नव्हतो. मला फक्त या वेळेपुरतं आठवायचं नव्हतं.

२ डिसेंबर, मंगळवार

बाभळीचा एक फेसा बाजूला सारून पलीकडची राख काढली. भुरी बघत होती. गुरगुरली नाही. काटे मलाच लागले, दोन्ही कोपरांना.

एकदा चाळली. दोनदा. वस्त्रातून तीनदा. प्रत्येक वेळी उजेडाला धरली. केस नाही.

३ डिसेंबर, बुधवार

वड्या थापल्या. ऊन चांगलं. दिवसभर काठी घेऊन बसून राहिलो. ईश्वरप्पा भिंतीवरून म्हणाला, अण्णा, जेवून या, मी बघतो. शत्रूला पहाऱ्यावर बसवणारा मी नाही. पण भूक लागली होती. परत आलो तर तो काठी घेऊन बसला होता आणि वड्या सगळ्या जागेवर. मोजल्या.

वड्या पांढऱ्या उतरल्या आहेत. वडिलांच्या वेळेसारख्या.

उद्याचा बेत: ईश्वरप्पाला सगळ्यांसमोर पहिली वडी द्यायची. म्हणायचं, बघ धरून उजेडाला. मग हळूच हसायचं. मोठ्याने नाही. आरशात दोनदा हसून पाहिलं.

४ डिसेंबर, गुरुवार. जत्रा

ताट घेऊन मठात गेलो. सनई. गर्दी. अव्वा खुर्चीवर, मांडीवर चांदी. पहिली वडी मी ईश्वरप्पाच्या हातात ठेवली आणि म्हटलं, बघ धरून उजेडाला.

त्याने धरली. फोडली. पुन्हा धरली. सगळे थांबले. केस नाही. त्याने कपाळाला तीन पट्टे ओढले आणि मोठ्याने म्हणाला, अप्पाच्या हातचं भस्म हाय हे. अप्पा म्हणजे माझे वडील. लोकांनी जयघोष केला. अव्वांनी मान हलवली.

हळूच हसायचं राहून गेलं. ताट सावरायचं होतं.

मग मी लावलं. नमस्कार करून उठलो तर ईश्वरप्पा अगदी समोर, माझ्या कपाळाकडे बघत. त्याचा चेहरा बदलला. मला गेलं वर्ष आठवलं. ती चिमटी वर येताना दिसली. मागे पन्नास माणसं. मी डोळे मिटले.

चिमटी कपाळाला लागली. माझ्या भुवईवरून त्याने काहीतरी उचललं. मी एक डोळा उघडून पाहिलं. पांढरा केस, लांब. चांदीचा. काखेत धरून आणताना उपरण्याला चिकटलेला, आणि मी शहाणा तेच उपरणं खांद्यावर घालून, त्यानेच तोंड पुसून आलो होतो.

त्याने उजेडाला धरला नाही. सदऱ्याच्या खिशात टाकला आणि पुढच्याला म्हणाला, सरका जी, अण्णाला वाट द्या.

संध्याकाळी ६
पुढच्या वर्षीही भस्म आमच्याच घरचं, अव्वांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

विचार करतो आहे. या माणसाने एका आठवड्यात माझा मासा धरला, वड्या राखल्या आणि केस लपवला. बदला घ्यायला काही ठेवलंच नाही. याहून नीच सूड मी ऐकलेला नाही. याची परतफेड करणार. कशी ते ठरलं नाही. उद्या सकाळी चहाला बोलवून सुरुवात करावी. आलं घालून.

७ डिसेंबर, रविवार. सकाळी ७

थंडी वाढली. खड्डा पूर्ण निवला. हात घालून पाहिला, गार. चारही पिलं एकमेकांवर चढून थरथरत होती. एकाचा डोळा अर्धा उघडला आहे. त्याने पहिलं जे पाहिलं ते मी होतो.

पलीकडच्या अंगाला चार गोवऱ्या पेटवून ठेवल्या. रोज ठेवाव्या लागतील. पिलांसाठी नाही. खड्ड्यात ओल धरू नये म्हणून.